पिल्लांचा पहिला पंधरवडा

सायकलच्या कॅरिअरला टोपली बांधून गुलाबी, हिरवी, पोपटी रंगवलेली पिल्ले विकणारे अजूनही आठवडी बाजारात आणि शहरांच्या वस्त्यांत दिसतात. मुले हट्ट धरतात, आईबाप पिल्लू घेऊन देतात आणि दोन-चार दिवसांत ते मान टाकते. मग घरात कायमचे ठरून जाते, की कोंबडीचे पिल्लू आपल्या हाती जगत नाही. हा समज चुकीचा आहे. ती पिल्ले बहुतेक करून अंड्यांच्या जातीतले नर असतात. अंड्यांवरच्या पोल्ट्रीला नर लागत नाहीत, म्हणून उबवणी केंद्रातून ते कवडीमोलाने बाहेर पडतात. त्यांना रंगात भिजवायचे, उघड्या टोपलीत उन्हातान्हातून, वाऱ्यातून फिरवायचे, आणि मग बुटाच्या खोक्यात तांदळाचे चार दाणे टाकून ठेवायचे. इतके झाल्यावर कुठले पिल्लू जगणार? ती पिल्ले घेऊच नका. आपण घेतो म्हणून तो धंदा चालतो.

पिल्ले वाढवायची तर नीट तयारीने वाढवा. कारण अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाच्या अंगावर असते ती नुसती लव, पिसे नव्हेत. स्वतःच्या अंगाची ऊब राखण्याची ताकद त्याला यायला दोनेक आठवडे लागतात, आणि पिसे अंगभर भरायला पाच-सहा आठवडे. तोवर ऊब बाहेरून द्यावी लागते. नवखी माणसे जात कुठली, खाद्य कुठले, औषध कुठले याची चौकशी करत बसतात आणि पिल्ले मात्र तिसऱ्या रात्री गारठ्याने जातात. पहिला पंधरवडा आणि त्यातल्या रात्री सांभाळल्या, तर पुढचे काम अवघड नाही.

ही ऊब देणारी सर्वांत भरवशाची व्यवस्था म्हणजे खुडूक कोंबडी. घरी किंवा शेजारी एखादी देशी कोंबडी असेल आणि ती अंडी घालणे थांबवून खुराड्यातच ठाण मांडून बसू लागली, हात लावला की अंग फुलवून गुरगुरू लागली, तर तिलाच अंड्यांवर बसवा. दहा-बारा अंडी तिच्या पोटाखाली नीट झाकली जातात. त्याहून जास्त ठेवण्याचा मोह टाळा, कडेची अंडी गार पडतात. अंडी आठवड्याच्या आतली हवीत, उन्हाळ्यात चार-पाच दिवसांच्या आतली. साठवताना निमुळते टोक खाली ठेवावे. ती धुऊ नयेत, फ्रीजमध्ये ठेवू नयेत. कळपात कोंबडा असल्याशिवाय अंड्यांतून पिल्ले निघत नाहीत, हेही शहरातल्या पुष्कळांना सांगावे लागते. टोपलीत किंवा पाटीत पेंढा घालून ती अंधाऱ्या, निवांत कोपऱ्यात ठेवा. बसवण्याआधी कोंबडीच्या पिसांत उवा, पिसवा नाहीत ना ते पाहा, नाहीतर ती बेजार होऊन मध्येच उठते. सातव्या-आठव्या दिवशी रात्री मोबाईलचा टॉर्च अंड्याच्या रुंद टोकाला लावून बघितले, तर जीव धरलेल्या अंड्यात लाल शिरांचे जाळे दिसते. नुसते पिवळसर, मोकळे दिसले ते अंडे काढून टाका. एकविसाव्या दिवशी पिल्ले फुटतात. त्या वेळी टरफल सोलून मदत करायला जाऊ नका.

आई मिळाली तर निम्मे काम तीच करते. पण गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारित कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत. म्हणून माझे सांगणे असते, की सुधारित पक्षी पाळा, पण दोन-तीन देशी कोंबड्या घरात राहू द्या. विकत आणलेली एक-दोन दिवसांची पिल्लेसुद्धा रात्रीच्या अंधारात अशा खुडूक कोंबडीच्या पंखांखाली हळूच सरकवता येतात. सकाळी बहुतेक वेळा ती त्यांना आपलीच मानते. तरी पहाटे उठून बघा. ती चोच मारत असेल तर पिल्ले लगेच वेगळी करा.

आई नसेल तर पिल्ले विकत आणून दिव्याखाली वाढवायची. पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे आहेत आणि कित्येक जिल्ह्यांत सधन कुक्कुट विकास गट आहेत. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारले, तर जवळचे ठिकाण कळते. जातींबद्दल थोडक्यात सांगतो. गिरिराज ही बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची, वनराज आणि ग्रामप्रिया या हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाच्या. तिन्ही परसात, मोकळ्यावर फिरून वाढतील अशाच तयार केल्या आहेत. अंडी हवी असतील तर ग्रामप्रिया बरी, अंडी-मांस दोन्हीला गिरिराज किंवा वनराज. देशी कोंबडी वर्षाला साठ-ऐंशी अंडी देते, या जाती त्याहून बऱ्याच जास्त. कडकनाथचे आकर्षण सगळ्यांना असते. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या या कोंबडीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून भावही चढला. पहिल्याच खेपेला तिच्या वाटेला जाऊ नये असे मला वाटते. महाग पिल्लू मेले की हुरूप जातो, आणि ती वाढतेही सावकाश.

पहिल्यांदा दहा-बारा पिल्ले पुरे. एकटे पिल्लू मात्र कधीही आणू नका. ते दिवसभर ओरडते, खात नाही आणि खंगते. ही पिल्ले नर-मादी वेगळी न करता मिळतात, म्हणजे बारातले साधारण सहा कोंबडे निघतील हे धरून चाला. चार-साडेचार महिन्यांत ते पहाटे आरवू लागतील. चाळीत किंवा सोसायटीत राहत असाल तर शेजाऱ्यांशी आणि महापालिकेच्या नियमांशी आधीच जुळवून घ्या. हंगाम म्हणाल तर पाऊस सरल्यावरचा ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. फेब्रुवारीही चालतो. कोकणात आषाढ-श्रावणात पहिला प्रयोग करू नये, तिथे पिल्लांखालची तुसाची गादी कोरडी राखणे मुरलेल्या माणसालाही जड जाते. विदर्भातल्या मे महिन्यात उलट अडचण: दुपारी दिवा तर नकोच, वर पिल्ले उकाड्याने मरतात.

पिल्ले येण्याच्या आदल्या दिवशी जागा तयार हवी, दिवा लागलेला हवा. खोलीचा कोपरा, पडवी, गोठ्याची बंद बाजू, काहीही चालेल, पण वाऱ्याचा झोत नको. पुठ्ठ्याचा किंवा पत्र्याचा दीड फूट उंच गोल उभा करा, तीन फूट रुंदीचा. चौकोनी खोके घेऊ नका. गारठा वाटला किंवा घाबरली की पिल्ले कोपऱ्यात एकावर एक चढतात आणि खालची गुदमरून मरतात. गोलाला कोपराच नसतो. खाली दोन-तीन इंच भाताचे तूस पसरा. त्यावर पहिले दोन-तीन दिवस वर्तमानपत्राचे थर, रोज एक थर काढायचा. कागद गुळगुळीत, चकचकीत नको. त्यावर पाय घसरून पिल्लांचे पाय दोन्ही बाजूंना फाकतात आणि तसेच राहतात. कागदापेक्षा गोणपाटाचा तुकडा मला जास्त आवडतो. नखांना धरायला मिळते.

दिव्याबाबत नीट ऐका, कारण अलीकडे इथेच पुष्कळांची फसगत होते. दुकानात हल्ली सहज मिळतो तो एलईडी बल्ब. तो उजेड देतो, ऊब जवळजवळ देतच नाही. पिल्ले लख्ख उजेडात गारठून मरतात आणि घरच्यांना कारण कळत नाही. तुम्हाला तारेचा, जुना, पिवळा बल्ब हवा किंवा पोल्ट्रीच्या दुकानात मिळणारा इन्फ्रारेड दिवा. दहा-बारा पिल्लांसाठी साठ वॅटचे दोन पिवळे बल्ब लावा. दोन अशासाठी, की रात्री एक उडाला तरी दुसरा असतो. वर पत्र्याचे घमेले उपडे टांगले, तर उष्णता खाली राहते. बल्ब गादीपासून फूट-दीड फूट उंच, आणि वायरवर नव्हे, तर वेगळ्या तारेने किंवा साखळीने पक्का बांधलेला. सुक्या तुसावर तापलेला बल्ब पडला तर घर पेटते.

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर साधारण ३५ अंश सेल्सिअस हवे, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. दिवा थोडा थोडा वर उचलला की काम भागते. तापमापक असला तर उत्तम, पण त्याहून पिल्लांकडे बघायला शिका. दिव्याखाली एकमेकांना चिकटून गठ्ठा केला असेल आणि आवाज उंच, कर्कश, सततचा असेल, तर त्यांना थंडी वाजते आहे. कडेला पळून चोच उघडी टाकून धापा टाकत असतील तर उकडते आहे. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर दुसऱ्या बाजूने वारा येतो आहे. गोलभर सारखी पसरलेली, काही खाताहेत, काही पाय लांब करून झोपली आहेत, मधूनच बारीक चिवचिव चालली आहे, असे असेल तर दिवा आहे तिथेच राहू द्या. शंका आली तर एका पिल्लाचे पाय आपल्या गालाला लावा. गार लागले तर पिल्लू गारठले आहे. झोपण्यापूर्वी एकदा आणि पहाटे तीन-चारच्या सुमाराला एकदा, असे पहिला आठवडाभर उठावेच लागते. तान्हे मूल घरात असल्यासारखे ते दिवस असतात.

वीज गेली तर काय करायचे, हे वीज असतानाच ठरवून ठेवा. बाटल्यांत गरम पाणी भरून, फडक्यात गुंडाळून पिल्लांच्या मध्ये ठेवता येते. चुलीवर तापवलेली वीट गोणपाटात गुंडाळून ठेवली तर बराच वेळ ऊब धरते. गोलावर चादर टाका, पण हवेला फट राहू द्या. बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र ठेवू नका. तिच्या वायूने पिल्लेही जातात आणि माणसेही.

अंड्यातला पिवळा बलक पिल्लाच्या पोटात शिल्लक असतो, त्यावर ते दोनेक दिवस तग धरते. म्हणूनच ती खोक्यांतून लांबवर पाठवता येतात. आल्या आल्या त्यांना खाद्य नव्हे, पाणी द्या. उकळून कोमट केलेल्या लिटरभर पाण्यात दोन-तीन चमचे गूळ विरघळवा, फक्त पहिल्या काही तासांपुरता. नंतर साधे पाणी. एकेक पिल्लू हातात घेऊन चोचीचे टोक पाण्यात हलकेच टेकवायचे, नाकपुड्या बुडू द्यायच्या नाहीत. ते क्षणभर थांबते, मग चोच वर करून घोट खाली उतरवते. एकाला जमले की बाकीची बघून शिकतात. पाण्याचे भांडे उथळ हवे. बशी असेल तर तिच्यात स्वच्छ गोटे घाला, नाहीतर पिल्ले त्यात उतरून भिजतात, आणि भिजलेले पिल्लू हे गारठलेलेच पिल्लू.

दोन-तीन तासांनी कागदावर भरडलेला मका टाका. दुसऱ्या दिवसापासून चिक स्टार्टर, म्हणजे पिल्लांचे तयार खाद्य, ज्यात प्रथिने २० ते २२ टक्के असतात. तांदळाच्या कण्यांवर पिल्लू जगेल, पण वाढणार नाही. पहिल्या आठ आठवड्यांत एका पिल्लाला दीड-दोन किलो खाद्य लागते, गिरिराज-वनराज असतील तर थोडे अधिक. बारा पिल्लांना हा खर्च काही फार नाही, तिथे काटकसर नको. मोठ्या कोंबड्यांचे लेअर खाद्य मात्र पिल्लांना घालू नका. त्यातले जादा कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना बाधते. पावसाळ्यात खाद्याला कुबट वास आला, मक्यावर किंवा पेंडीवर बुरशी दिसली, तर ते फेकून द्या. वाळवून घालण्यातही अर्थ नाही, बुरशीचे विष उन्हाने जात नाही. पहिल्या रात्री पिल्लांच्या गळ्याखालची चाऱ्याची पिशवी बोटांनी हळूच चाचपून बघा. ती भरलेली, मऊ लागली तर पिल्लू खाते-पिते आहे. रिकामी असली तर त्याला उचलून पाण्या-खाद्याजवळ ठेवा.

पहिल्या आठवड्यात रोज प्रत्येक पिल्लाची शेपूट उचलून बघा. विष्ठा चिकटून, वाळून मागची वाट बंद झाली असेल तर ते पिल्लू एक-दोन दिवसांत मरते. कोमट पाण्यात भिजवलेला कापूस त्यावर धरून ठेवा. मऊ झाले की आपोआप निघते. ओढू नका, कातडे निघते. मग अंग कोरडे करून खोबरेल तेलाचे बोट फिरवा. एक काळजी घ्या. पोटाच्या बाजूला, थोडी पुढे पिल्लाची बेंबी असते आणि तिच्यावर छोटी काळी खपली असते. नवखा माणूस तीच विष्ठा समजून उपटतो. तिला हात लावायचा नाही.

आता लसी. मरेक रोगाची लस उबवणी केंद्रातच पहिल्या दिवशी देतात, ती दिली का ते विचारून घ्या. पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची, म्हणजे रानीखेतची लासोटा. चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरोची. चौथ्या आठवड्यात लासोटा पुन्हा. सहाव्या आठवड्यात देवीची आणि आठव्या आठवड्यात रानीखेतची आर-टू-बी, ती टोचून. दिवसांत इकडेतिकडे होते. तुमच्या भागात कुठल्या रोगाची साथ असते ते पशुवैद्यकाला माहीत असते, त्याच्या सांगण्याप्रमाणे चाला. अडचण अशी, की लसीची कुपी शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची येते आणि पातळ केली की दोन तासांत संपवावी लागते. बारा पिल्लांसाठी कोण आणणार, म्हणून लोक ती टाळतात आणि मग एका साथीत सगळे खुराडे रिकामे होते. गावातल्या चार-पाच घरांनी एकाच दिवशी लस द्यायचे ठरवले तर हा प्रश्न सुटतो. बचत गटाच्या बायकांनी हे मनावर घेतले तर सहज जमते. लस बर्फात ठेवूनच आणा. ऊन वर येण्याआधी किंवा संध्याकाळी द्या, आणि आजारी पिल्लाला देऊ नका.

लासोटाचा थेंब डोळ्यात द्यायचा. पिल्लू डाव्या मुठीत सैल धरून डोके आडवे करा, एक डोळा वर येईल. ड्रॉपर डोळ्याला न टेकवता एक थेंब सोडा. थेंब डोळ्यावर पसरतो, पिल्लू पापणी मिटून उघडते आणि तो आत जिरतो. ते दिसले की मगच पिल्लू खाली ठेवा. थेंब गालावरून ओघळला तर लस झालीच नाही, दुसरा द्या.

तिसऱ्या आठवड्यापासून दुसरा वैरी येतो, रक्ती हगवण. ओल्या गादीत तिचे जंतू वाढतात. पिल्ले पंख ढिले सोडून पेंगत बसतात, विष्ठेत रक्त दिसते. औषध पाण्यातून देता येते, पण ते पशुवैद्यकाला विचारून, आणि त्याच दिवशी. खरा उपाय गादी कोरडी ठेवणे हाच आहे. पाण्याचे भांडे विटेवर पिल्लांच्या पाठीच्या उंचीला ठेवा म्हणजे सांडत नाही. गादी रोज खालीवर करा, भांड्याभोवतीचे ओले तूस काढून कोरडे घाला. मूठभर तूस दाबून बघा. गोळा झाला तर ओल जास्त, मोकळे झाले तर ठीक. खाली वाकल्यावर तुमच्या डोळ्यांना झोंबले तर पिल्लांना ते चोवीस तास झोंबते आहे असे समजा.

जनावरांपासून राखण रात्रीच जास्त लागते. घूस आणि उंदीर पिल्ले ओढून नेतात, मुंगूस आणि बोका तर एका रात्रीत सगळी संपवतात. कोंबड्यांची म्हणून विकतात ती मोठ्या भोकांची जाळी कोंबडी आत ठेवते, पण उंदराला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंची वेल्डमेश घ्या. मुंग्यांकडे कुणाचे लक्ष नसते. सांडलेल्या खाद्यावर त्या येतात आणि अशक्त पिल्लाला लागतात. पिल्ले बाजेवर किंवा टेबलावर असतील तर पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा. मुंग्यांची पावडर पिल्लांच्या आसपासही नको. आणि घरातली मुले पिल्लांना हात लावणारच, लावू द्या. पण प्रत्येक वेळी साबणाने हात धुवायचे आणि पिल्लाची पापी घ्यायची नाही. पिल्लू निरोगी दिसले तरी त्याच्या विष्ठेत साल्मोनेला असू शकतो.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात पिसे भरली की रात्रीचा दिवाही बंद करा. डिसेंबरात असाल तर आणखी आठवडाभर ठेवा. जागाही वाढवावी लागते. पहिल्या महिन्यात पिल्लामागे अर्धा चौरस फूट पुरतो, दुसऱ्यात एक फूट, मोठ्या कोंबडीला दोन. दाटी झाली की ती एकमेकांची पिसे उपटू लागतात. उघड्यावर सोडण्याची घाई करू नका. आधी ऊन कोवळे असताना तासभर डालग्याखाली झाकून अंगणात ठेवा, घार आणि कावळा दोघांनाही ते लांब ठेवते. दाणे, किडे, गवत खाऊ लागली की पचनासाठी बारीक वाळूची बशी जवळ असू द्या. नव्या खुराड्यात पहिले चार-पाच दिवस कोंडूनच ठेवा, खाद्यपाणी आतच द्या. मग सोडलेली पिल्ले तिन्हीसांजेला आपणहून तिथेच परततात. जुन्या कोंबड्या असतील तर आठवडाभर मध्ये जाळी ठेवून मगच एकत्र करा.

अंगणात सोडल्यावर एक जबाबदारी वाढते, साथीच्या रोगांवर लक्ष ठेवण्याची. फेब्रुवारी २००६ मध्ये देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात. एक-दोन दिवसांत बरेच पक्षी पटापट मेले, तर ते ओढ्यात फेकू नका, कापून खाऊ नका, लपवू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवा. एखाददुसरे पिल्लू मेले तर खोल खड्डा करून, चुना टाकून पुरा. नवीन पक्षी बाजारातून आणला, तर पंधरा दिवस वेगळा ठेवल्याशिवाय कळपात सोडू नका. आठव्या आठवड्याची आर-टू-बी चुकवू नका. तिच्या आठवडाभर आधी पशुवैद्यकाला विचारून जंताचे औषध द्या, आणि त्यानंतर स्टार्टर हळूहळू कमी करत ग्रोअर खाद्यावर आणा.